अंध ग्राहकाला मोबाईल विकताना: काउंटरवर काय तपासायचं, काय बसवून द्यायचं

मोबाईलच्या दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाकडे कधी ना कधी हे गिऱ्हाईक येतंच. हातात फोन, चेहऱ्यावर वैताग. "दादा, फोन आपोआप बोलायलाय अन् टच चालंना गेलाय." नांदेडला वजिराबादेत असो की लातूरला गंजगोलाईच्या भोवती, बरेच रिपेअरवाले लगेच फोन 'सॉफ्टवेअर मारायला' ठेवून घेतात. तीनशे-चारशे रुपये जातात, वर फोटो आणि नंबरही जातात. खरं तर त्या फोनला काहीच झालेलं नसतं. पोराच्या हातून टॉकबॅक चालू झालेला असतो. बहुतेक फोनवर दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीन-चार सेकंद एकदम दाबून धरली की तो बंद होतो.

म्हणजे आपल्या धंद्यात टॉकबॅकची ओळख काय, तर बिघाड. ज्या माणसासाठी ही सोय बनवली, तो दुकानात आला तर त्याला काय दाखवायचं हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. मग आपण सांगतो, "काकांना साधा बटणाचा घ्या, टच त्यांना काय कामाचा?" गिऱ्हाईक हजार-बाराशेचा फोन घेऊन जातं आणि आपण दहा हजारांची विक्री हातानं घालवतो. नुसती विक्रीच नाही. त्या माणसाचं बँक, व्हॉट्सॲप, अभ्यास, सगळंच आपण त्याच्यापासून लांब ठेवतो.

व्हिडिओत मी हाताच्या खुणा, म्हणजे जेस्चर, करून दाखवल्या आहेत. त्या वाचून कळत नाहीत, बघूनच कळतात. इथं मी फोन निवडण्याबद्दल आणि तो तयार करून देण्याबद्दल सविस्तर लिहितोय. मोबाईलचं दुकान टाकायचा विचार करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. इतर धंद्यातल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी गिऱ्हाईक किती आहे ते बघू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यातले ५० लाखांवर लोक दृष्टीच्या अडचणीचे, आणि आपल्या महाराष्ट्रातले साडेपाच लाखांहून जास्त. हा आकडा जुना आहे आणि त्यात वयामुळं नजर गेलेली सगळी म्हातारी माणसं आली असतील असं मला वाटत नाही. लोहा, मुखेड, अहमदपूर, औसा अशा गावांतून नांदेड-लातूरला फोन घ्यायला येणाऱ्यांत ही माणसं आहेतच. फरक एवढाच की ती स्वतः दुकानात येत नाहीत, त्यांच्या वतीनं मुलगा किंवा भाऊ येतो.

आणि पहिली गडबड इथंच होते. मुलगा सोबत आला की आपण सगळं मुलाशी बोलतो. "यांना आवाज मोठा पाहिजे का? यांना व्हॉट्सॲप लागतं का?" अहो, ते समोर बसलेत की! त्यांनाच विचारा. नाव विचारा, आधी कोणता फोन वापरत होते ते विचारा. फोन त्यांच्या हातात द्या, मुलाच्या नाही. पैसे मुलगा देणार असला तरी वापरणारे ते आहेत.

विचारल्यावर लक्षात येतं की 'अंध ग्राहक' ही एकच जात नाही. जन्मापासून दिसत नसलेला पंचविशीतला पोरगा फोन आपल्यापेक्षा चांगला चालवतो. त्याचा टॉकबॅक इतक्या वेगानं बोलतो की आपल्याला एक शब्द कळत नाही. त्याला मॉडेल दाखवा आणि बाजूला व्हा. काचबिंदूनं किंवा मधुमेहानं साठीत नजर गेलेल्या काकांचं वेगळं असतं. त्यांना टचची सवय नाही, मनात भीती आहे, आणि "आता माझ्यानं काय होणार" हे त्यांनी आधीच ठरवून टाकलंय. तिसरे अंधुक दिसणारे. त्यांना बहुतेक वेळा टॉकबॅक लागतच नाही. मोठी अक्षरं, ठळक फाँट, काळ्यावर पांढरं आणि मॅग्निफिकेशन एवढ्यावर त्यांचं भागतं. त्यांच्यासाठी स्क्रीन मोठी आणि उन्हात दिसेल इतकी उजळ बघा. पूर्ण अंध माणसाला मात्र स्क्रीनच्या दर्जासाठी एक रुपयाही जास्त द्यायला लावू नका. 'ॲमोलेड आहे, एकशेवीस हर्ट्झ आहे' हे त्याला ऐकवणं म्हणजे शाकाहारी माणसाला मटणाचा भाव सांगणं.

थोडं मागचं सांगतो, कारण चाळिशी-पन्नाशीतलं गिऱ्हाईक त्याच भाषेत बोलतं. टचफोन यायच्या आधी नोकियाच्या सिम्बियन फोनमध्ये 'टॉक्स' नावाचं सॉफ्टवेअर टाकून अंध लोक मेसेज वाचायचे. त्याही आधी एसटीडी-पीसीओचे बूथ दिव्यांगांना प्राधान्यानं मिळायचे, त्यावर कितीतरी घरं चालायची. मोबाईल आला आणि बूथ बसले. पुढं टच आला तेव्हा बटणंच गेली, आता सगळं संपलं असं अनेकांना वाटलं. झालं उलटंच. २००९ मध्ये ॲपलनं आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर दिलं, त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक आला. काचेवर बोट फिरवलं की खाली काय आहे ते फोन बोलतो, दोनदा टकटक केली की ते उघडतं. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. ही एवढी तीन वाक्यं समजली की निम्मा टॉकबॅक आला.

म्हणून बटणाच्या फोनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. साधे बटणाचे फोन बहुतेक आकडे बोलतात, कोणाचा फोन आला ते काही मॉडेल सांगतात, पण मेनू आणि मेसेज पूर्ण वाचून दाखवणारा फोन क्वचित सापडतो. ज्यांना फक्त फोन करायचा आणि घ्यायचा आहे, शिकायची इच्छा नाही, त्यांना बटणाचा जरूर द्या. पण तो निर्णय त्यांचा असू द्या, तुमचा नको.

आता अँड्रॉइड निवडताना काय बघायचं. मी खोक्यावरची माहिती वाचत नाही, डेमो फोनवर टॉकबॅक चालू करून बघतो. बोट टेकवल्यावर आवाज लगेच येतो का? अर्धा सेकंद उशीर आपल्याला कळत नाही, पण दिवसात हजारदा बोट सरकवणाऱ्याला तो छळतो. दोन-तीन जीबी रॅमचे फोन इथं मार खातात. सहा जीबी घ्या, बजेट अगदीच कमी असेल तर चार. कॅमेऱ्याचे पैसे वाचवून रॅमवर घाला. कॅमेरा अगदीच टाकाऊ मात्र नको, कारण अंध माणसाला कॅमेरा लागतो. कसा ते पुढं सांगतो.

दुसरी गोष्ट कोणीच तपासत नाही, ती म्हणजे प्रॉक्सिमिटी सेन्सर. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद व्हायला पाहिजे. स्वस्तातल्या काही फोनमध्ये खरा सेन्सर नसतो, सॉफ्टवेअरनं अंदाज घेतात. डोळस माणसाचं तेवढ्यावर चालून जातं. पण टॉकबॅक चालू असताना स्क्रीन बंद झाली नाही तर गालाचा धक्का लागून फोन बडबडायला लागतो. समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही, मध्येच म्यूट होतं, कॉल कटतो. काउंटरवरच आपल्या दुसऱ्या नंबरवर कॉल लावा, फोन कानाला लावायला सांगा आणि मिनिटभर बोलू द्या. या एका चाचणीत फोन नापास झाला तर बाकीचं कितीही चांगलं असलं तरी तो देऊ नका.

फिंगरप्रिंट बाजूच्या बटणावरचा घ्या. स्क्रीनच्या आतला असेल तर नेमकी जागा बोटाला लागत नाही, आणि त्यावर टेम्पर्ड ग्लास बसवली की आणखी त्रास. पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं बोटाला वेगळी लागली पाहिजेत. कव्हर चढवल्यावरही लागतात का ते बघा. साडेतीन एमएमचा हेडफोन जॅक असलेला फोन मिळाला तर उत्तम. अंध माणूस एका कानात वायरचा इअरफोन घालून दुसऱ्या कानानं रस्ता ऐकतो. ब्लूटूथमध्ये आवाज जरा उशिरा येतो, शिवाय ऐन वेळी चार्जिंग संपतं. स्पीकर मोठा आणि खणखणीत हवा. दुकानात एसी चालू असताना नाही, बाहेर रस्त्यावर जाऊन ऐकवा. बसस्टँडवर ऐकू आला तरच तो आवाज खरा.

आता सॉफ्टवेअर. टॉकबॅक सगळीकडे एकच असतो असं समजू नका. कंपनीनं अँड्रॉइडवर आपला जो थर चढवलेला असतो, त्यात काही बटणांना नावच दिलेलं नसतं. फोन नुसता 'बटण, बटण' म्हणतो. कुठं बॅटरी वाचवायच्या नादात टॉकबॅकच मागच्या मागे बंद पडतो. कुठं लॉक स्क्रीनवर जाहिराती आणि रोज नवे वॉलपेपर येतात, त्यात बोट अडकतं. म्हणून थर जितका साधा आणि जाहिराती जितक्या कमी, तितका फोन चांगला. डायलर, मेसेज, सेटिंग्ज आणि कॅमेरा ही चार ॲप बोट सरकवत शेवटपर्यंत जाऊन बघा. आणि अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारा. टॉकबॅकमध्ये २०२१ पासून दोन-तीन बोटांच्या खुणा आल्या, त्यांना अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचं लागतं. जुना माल संपवायला असला फोन गळ्यात मारू नका.

आयफोनबद्दल विचारणा होतेच. व्हॉइसओव्हर छान आहे, प्रत्येक आयफोनमध्ये आहे, आणि फोन बदलला तरी सगळं तसंच राहतं. परवडत असेल तर नाही म्हणायचं कारण नाही. पण आपल्या भागात आयफोन म्हणजे बहुतेक वेळा सेकंडहँड. दिसत नसलेल्या माणसाला डिस्प्ले बदललाय का, बॅटरी किती उरलीय हे कळणार नाही, म्हणून ते तुम्ही मोठ्यानं वाचून सांगा. *#०६# डायल करून आयएमईआय काढा, 'केवायएम' लिहून पुढं तो १५ आकडी नंबर टाकून १४४२२ ला एसएमएस करा. फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. हे डोळस गिऱ्हाईकासाठीही करत जा.

फोन ठरला. आता खरं काम, आणि माझ्या मते खरा धंदाही इथंच आहे. नव्या फोनच्या पहिल्याच स्क्रीनवर दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबून धरली तर बऱ्याच फोनमध्ये टॉकबॅक तिथूनच सुरू होतो. म्हणजे ज्याला येतं तो फोन स्वतः सुरू करू शकतो. त्याला करू द्या, हातातून ओढून घेऊ नका. ज्याला येत नाही त्याच्यासाठी मी पाऊण तास राखून ठेवतो, दुपारी दोन ते चारमध्ये, जेव्हा गर्दी नसते.

गुगलच्या स्पीच सर्व्हिसमध्ये मराठी आवाज आहे. तो दुकानाच्या वायफायवर पूर्ण उतरवून घ्या आणि मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून बोलतो का बघा. नाही तर गावाकडं रेंज गेली की फोन मुका. वेग त्यांना विचारून लावा. दोन्ही व्हॉल्यूम बटणांचा शॉर्टकट चालू ठेवा, कारण घरातलं कोणी तरी टॉकबॅक बंद करणारच आहे आणि तो परत चालू करता आला पाहिजे. नव्या टॉकबॅकमध्ये दोन बोटांनी दोनदा टकटक केलं की आलेला कॉल उचलता येतो आणि तसंच केलं की ठेवता येतो. हे पहिल्या पाच मिनिटांत शिकवा आणि दहा वेळा करून घ्या. फोन उचलता आला की भीती निम्मी होते. टायपिंगचा नाद पहिल्या दिवशी नको, जीबोर्डवर मराठी बोलून लिहायचं बटण दाखवा. गुगलनं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ मध्ये आणलं आणि आता ते गावाकडची बोलीही बऱ्यापैकी पकडतं. ज्यांना ब्रेल येतं त्यांना टॉकबॅकमधला ब्रेल कीबोर्ड सांगा.

एक कळकळीची विनंती. जीमेल खातं काढून देताना पासवर्ड तुमच्या मनानं टाकू नका आणि रिकव्हरी नंबर दुकानाचा देऊ नका. आपल्याकडं हे सर्रास चालतं. सहा महिन्यांनी फोन रिसेट झाला की डोळस माणूसही अडकतो, हा तर पूर्णच अडकेल. पासवर्ड त्यांनी ठरवायचा, त्यांनी लक्षात ठेवायचा.

कॅमेरा कशाला, ते आता. 'बी माय आईज' हे २०१५ चं डेन्मार्कमधून निघालेलं ॲप. त्यात व्हिडिओ कॉलवर अनोळखी स्वयंसेवक तुमच्यासमोरची वस्तू बघून सांगतो. गुगलचं 'लुकआउट' छापील मजकूर वाचतं. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचं ॲप आणलं, ते इंटरनेटशिवाय चालतं. तेही बसवून द्या. जोडीला हेही सांगा की नव्या मालिकेतल्या १०० आणि पुढच्या नोटांवर बोटाला लागणारी उठावाची खूण असते, शंभरवर त्रिकोण, दोनशेवर एच, पाचशेवर गोल. नोट वापरून मऊ पडली की ती खूण लागत नाही, तेव्हा ॲप कामाला येतं.

आता पैशाचा विषय. इथं जरा थांबून वाचा. अंध माणसाच्या फोनमध्ये यूपीआय असतं, पण पिन कोण टाकतं? बऱ्याचदा पुतण्या, शेजारी, नाही तर किराणावाला. "काका, पिन सांगा, मी टाकतो." काका चारचौघांत पिन मोठ्यानं सांगतात. लोक वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण स्वतःच्या खात्यातले पैसे दुसऱ्याच्या भरवशावर ठेवावे लागणं ही काही लहान गोष्ट नाही. त्यामुळं फोन घरी जायच्या आधी त्यांनी स्वतः, इअरफोन लावून, स्वतःच्या बोटानं पिन टाकून एक रुपया पाठवला पाहिजे. तो रुपया मी माझ्याच नंबरवर घेतो. त्यांच्या बँकेच्या ॲपवर पिनचं पान नीट बोलत नसेल तर दुसरं यूपीआय ॲप लावून बघा. बाहेरून उतरवलेले स्क्रीन रीडर चालू असले की काही बँकांची ॲप उघडतच नाहीत, म्हणून टॉकबॅकच ठेवा. टॉकबॅकच्या मेनूत 'स्क्रीन लपवा' हा पर्याय आहे, पडदा काळा होतो आणि फोन चालूच राहतो. मागं उभ्या असलेल्याला काही दिसत नाही. पिन टाकण्याआधी हे करायची सवय लावा. बटणाचा फोन घेणाऱ्यांसाठी मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, कॉल करून पैसे पाठवता येतात.

पैसे घेणाऱ्या अंध दुकानदाराची अडचण वेगळी. "पाठवले बघा" म्हणून कोणी जुना स्क्रीनशॉट पुढं केला तर त्याला काय कळणार? साउंडबॉक्स मुळात त्याच्यासाठी बनलेला नाही, पण त्याचा सगळ्यात जास्त उपयोग त्यालाच आहे. रक्कम ऐकू आली तरच माल द्यायचा. आणि हा दुकानदार काल्पनिक समजू नका. भावेश भाटिया यांनी १९९४ मध्ये महाबळेश्वरला सनराइज कँडल्स सुरू केलं, ते स्वतः अंध आहेत. तुमच्या काउंटरवर उभा असलेला माणूस फोन करमणुकीसाठी घेतोय की धंद्यासाठी, हे न विचारता ठरवू नका.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं केवायसीच्या प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे कलम २१ चा, भाग आहे. 'कॅमेऱ्याकडं बघून डोळे मिचकावा' ही अट जे मिचकावू शकत नाहीत त्यांनी कशी पाळायची, असा तो प्रश्न होता. तुमच्या दुकानात सिमचं केवायसी करताना हाच प्रश्न उभा राहतो. "यांचं होत नाही, मुलाच्या नावावर घ्या" असं सांगून मोकळं होऊ नका. सिम मुलाच्या नावावर गेलं की ओटीपी, बँक, सगळी ओळखच मुलाच्या नावावर जाते. फोटो काढताना मान कुठं वळवायची ते शब्दांत सांगा, "थोडं डावीकडं, हनुवटी वर", दोन प्रयत्न जास्त लागतील, पण होतं.

एक सल्ला तुम्हाला धंद्याच्या विरुद्ध वाटेल. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत दृष्टिहीनांना स्मार्टफोनही मिळू शकतो. उत्पन्नाची मर्यादा आहे, यूडीआयडी कार्ड लागतं, आणि वाटप ॲलिम्कोच्या शिबिरांमधून होतं. ज्याची परिस्थिती खरंच बेताची आहे त्याला हे आधी सांगा. विक्री जाईल? जाऊ द्या. तो फोन घेऊन तो सेटिंग करून घ्यायला तुमच्याकडंच येईल, आणि सेटिंगचे पैसे घेण्यात काही गैर नाही.

त्याचंच गणित. मोबाईलच्या विक्रीत मार्जिन किती उरतं ते दुकानदाराला सांगायला नको, आणि ऑनलाइनच्या भावाशी आपण पुरे पडत नाही. पण ऑनलाइनवाला टॉकबॅक लावून देत नाही, पिन टाकायला शिकवत नाही. माझ्याकडं फोन घेतला तर सेटिंग फुकट, बाहेरून आणला तर तीनशे रुपये, आणि दोन्हीकडं आठ दिवसांनी अर्ध्या तासाची दुसरी बैठक. ही दुसरी बैठक सोडू नका. खरे प्रश्न आठ दिवस वापरल्यावरच येतात. पोराला शिकवा, तुम्ही नसलात तरी काम अडू नये. बीबीएच्या पुस्तकात याला निश मार्केट म्हणतात. आमच्याकडं याला "त्या दुकानात जा, तिथं समजावून सांगतात" असं म्हणतात.

शेवटी बिलाचं. बिल मोठ्यानं वाचून दाखवा: मॉडेल, रक्कम, जीएसटी, वॉरंटीची तारीख. खोकं घरात कुठं तरी हरवणार आणि बारीक अक्षरातलं बिल कोणी वाचून दाखवणार नाही. म्हणून त्यांच्या फोनमध्ये 'माझा फोन' नावाची एक नोंद करा, त्यात आयएमईआय, खरेदीची तारीख आणि दुकानाचा नंबर लिहा, आणि ती नोंद त्यांनी स्वतः उघडून एकदा ऐकली की मगच पिशवी हातात द्या. फोन चोरीला गेला तर हाच आयएमईआय लागणार आहे, म्हणून तीच नोंद घरातल्या एका माणसाच्या व्हॉट्सॲपवरही पाठवून ठेवा.